गोळी चुकवायची नाही, पण जेवण चुकलं तर?

पत्र पाठवणारी मैत्रीण २७ वर्षांची आहे. जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात चार वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. नाव-गाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ती लिहिते:

"६४ वर्षांच्या एका शेतकरी काकांना डिस्चार्ज देताना मधुमेहाच्या गोळ्या मी स्वतः समजावून सांगितल्या. ग्लिमेपिराइड सकाळी नाश्त्याआधी, मेटफॉर्मिन जेवणानंतर, एकही गोळी चुकवायची नाही. ते 'हो सिस्टर, हो सिस्टर' म्हणत होते. नऊ दिवसांनी ते पुन्हा आले, घामाने भिजलेले, असंबद्ध बडबडत. शुगर ३४. त्या दिवशी संकष्टी होती. सकाळी गोळी घेतली, कोऱ्या चहावर शेतात गेले. चंद्रोदयाला उपवास सोडणार होते. संध्याकाळी सुनेने साखरेचं पाणी आणलं, तर काकूंनी तिचा हात धरला, 'अगं, त्यांना शुगर आहे.' काका वाचले. पण दुसऱ्या दिवशी काकू मला म्हणाल्या, 'सिस्टर, तुम्हीच म्हणालात ना, गोळी चुकवायची नाही.' तेव्हापासून झोप नाही. डॉक्टर म्हणतात, उपवास केला ही त्यांची चूक, तू मनाला लावून घेऊ नकोस. अडाणी पेशंटना कितीही सांगा, ते ऐकत नाहीत. आमच्याकडे एका नर्समागे २० पेशंट असतात. फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) माझा आवडता विषय होता, पण त्याचा उपयोग काय? चूक माझी होती का? काकांच्या घरच्यांशी बोलू का? की सरळ आयसीयूत बदली मागू?"

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा काकूंचं वाक्य पुन्हा वाचलं. तूही वाच, पण या वेळी त्यातला दोष बाजूला ठेवून. 'तुम्हीच म्हणालात ना, गोळी चुकवायची नाही.' तू लिहितेस की पेशंट ऐकत नाहीत. अगं, या माणसाने तुझं अक्षर न् अक्षर ऐकलं. पोटात अन्नाचा कण नसताना, शेतावर जायची घाई असताना, सिस्टरने सांगितलंय म्हणून आठवणीने गोळी घेतली. ती विसरले असते तर त्या दिवशी बरंच झालं असतं. आणि काकूंनी साखरेचं पाणी अडवलं तेही आपलंच ऐकून. 'साखर बंद' हे आपण त्यांना किती वेळा सांगतो! 'कधी द्यायची' हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून 'अडाणी पेशंट ऐकत नाहीत' हे आधी मनातून काढून टाक. ते तिथे राहिलं, तर पुढच्या पेशंटलाही तू हेच सगळं थोड्या मोठ्या आवाजात सांगशील, एवढाच फरक पडेल.

शिक्षणाचंही तसंच. माझ्या वॉर्डात एक निवृत्त प्राध्यापक होते. इन्सुलिनच्या पेनने (पेनासारख्या इंजेक्शनने) डोस घ्यायचे, युनिट अगदी काटेकोर मोजायचे. रविवारी पेन बिघडलं. त्यांनी डोकं चालवून मेडिकलमधून सिरिंज आणली आणि पेनच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे आतल्या इन्सुलिनच्या नळीतून, २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं. सिरिंज होती लाल टोपणाची, म्हणजे ४० च्या इन्सुलिनची, ज्याच्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. कार्ट्रिज होतं १०० चं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. २० च्या रेघेला त्या सिरिंजमध्ये अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे अंगात गेले ५० युनिट. अडीचपट! उलट गडबड झाली, ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज, तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो आणि 'इन्सुलिन घेऊनही शुगर उतरत नाही' म्हणून सगळे चक्रावतात. प्राध्यापकांना शिकवायला मी दोन मिनिटं घेतली होती, कारण 'हे शिकलेले आहेत, यांना कळेल'. पेन बिघडलं तर काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे ४० आणि १०० दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून दाखवायचा, आणि पेनवाल्यांना स्पष्ट सांगायचं की कार्ट्रिजमध्ये सिरिंज घालायची नाही.

आता तुझा खरा प्रश्न. चूक तुझी होती का?

त्यातला एक तुकडा तुझा होता, असं मला वाटतं. तुला बरं वाटावं म्हणून मी तो नाकारणार नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. हे तुला दुसऱ्या वर्षापासून पाठ आहे. त्यातून निघणारी साधी गोष्ट ही की गोळी आणि जेवण यांची जोडी आहे. तू जोडीतलं एकच सांगितलंस. पण बाकीचे तुकडेही मोज. ६४ वर्षांच्या माणसाला हे औषध देताना 'उपवास करता का' हे डॉक्टरांनी विचारलं नाही. दाखल करताना आपण जो फॉर्म भरतो त्यात तंबाखू-दारू विचारतात, उपवास विचारत नाहीत. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती होतं? मूत्रपिंड मंदावलं असेल तर या औषधाचा परिणाम अंगात जास्त वेळ रेंगाळतो, हे कुणी बघितलं होतं का? एका नर्समागे २० पेशंट ही तर व्यवस्थेची गोष्ट. तुझा तुकडा तू उचल, सगळा डोंगर उचलू नकोस. आणि डॉक्टर म्हणतात म्हणून सगळा डोंगर काकांच्या डोक्यावरही ठेवू नकोस. महाराष्ट्रात मधुमेहाचा वॉर्ड चालवायचा आणि संकष्टी, एकादशी, नवरात्र, रोजे जमेस धरायचे नाहीत, असं कसं चालेल?

'उपवास सोडा' असं सांगून हा प्रश्न सुटत नाही, हेही मी पुष्कळदा पाहिलंय. समोरचा मान डोलावतो, घरी जाऊन उपवास करतो आणि पुढच्या वेळी आपल्याला सांगत नाही. त्यापेक्षा विचारायचं, 'काका, कोणकोणते उपवास धरता? त्या दिवशी काय खाता, किती वाजता?' उत्तर घेऊन राउंडला डॉक्टरांसमोर उभं राहायचं. 'सर, काका संकष्टी करतात, चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत. त्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून द्याल का?' डोस बदलणं आपलं काम नाही. पण हा प्रश्न डॉक्टरांपर्यंत नेणं नक्की आपलं काम आहे, आणि तो नेमका विचारता येतो तो फार्माकॉलॉजी येते म्हणूनच. उपयोग काय, असं विचारलंस ना? हा उपयोग. रोजे धरणाऱ्या चाचांना तर रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे पाठवायला हवं.

एक आठवण सांगते. त्यामुळेच माझं शिकवणं बदललं.

संधिवाताच्या एका आजींना मेथोट्रेक्सेट सुरू झालं होतं. हे औषध संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड, म्हणजे एक व्हिटॅमिन. मी आजींना सांगितलं, 'ही आठवड्यातून एकदा तीन गोळ्या, ही बाकीचे दिवस रोज एक.' दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही छोट्या. आजी म्हणाल्या, 'समजलं बाई.' तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा तोंड आतून सोललेलं होतं, पेजही गिळवत नव्हती. पांढऱ्या पेशी पार खाली. घरी अदलाबदल झाली होती. मेथोट्रेक्सेट रोज आणि फॉलिक ॲसिड रविवारी. बारा दिवस त्या वॉर्डात होत्या. रोज सकाळी मी तोंड साफ करताना, बोलता येत नसल्यामुळे, मला हाताने थोपटायच्या. त्या थोपटण्याने मला जितकं सुनावलं, तितकं कुणी सुनावलं नाही.

मी काय चुकले होते? 'आठवड्यातून एकदा' म्हणाले, वार सांगितला नाही. रोज घेतलं तर काय होतं, ते सांगितलं नाही. दोन गोळ्या एकाच डबीत जाणार आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे 'समजलं' या शब्दावर मी थांबले.

'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे 'हो' हे एकच उत्तर असतं. मोठ्या दवाखान्यात, पांढऱ्या गणवेशासमोर, मागे चार माणसं उभी असताना 'नाही समजलं' कोण म्हणणार? म्हणून मी तो प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी असं विचारते:

'काका, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. उद्या सकाळी घरी उठल्यावर काय-काय कराल, सांगा बघू.'

'उठलो की चूळ भरून ही गोळी घेणार.'

'बरं. मग?'

'मग चहा घेऊन रानात. नऊ-दहाला भाकरी येती तिकडं.'

बघ, सापडलं की नाही? नाश्ता आणि गोळी यांत तीन तासांचं अंतर! 'नाश्त्याआधी' याचा त्यांच्या घरातला अर्थ 'उठल्या-उठल्या'. हे डिस्चार्ज कार्डावरून कधीच कळलं नसतं. मग म्हणायचं, 'काका, ही गोळी रानात न्या. भाकरीचं फडकं सोडलं की आधी गोळी, लगेच भाकरी. भाकरी आली नाही, तर गोळी नाही, आणि दवाखान्यात फोन करून विचारायचं.' हे शेवटचं वाक्यही डॉक्टरांशी आधी ठरवून घे. मग पुन्हा त्यांच्याकडून वदवून घे. परीक्षा त्यांची नसून आपल्या सांगण्याची आहे, हे त्यांना सुरुवातीलाच कळू दे, म्हणजे त्यांना ओशाळं वाटत नाही.

तू म्हणशील, २० पेशंट, वेळ कुठला? डिस्चार्जच्या वेळी वेळ नसतो, हे खरंच आहे. दुपारची वेळ, बिलाची गडबड, बाहेर गाडी उभी. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. त्यातून आपण समजावतो ते बिल भरायला पुण्याहून आलेल्या मुलाला, आणि घरी गोळ्या काढून देते सून किंवा नात. तेव्हा शिकवणं डिस्चार्जला ठेवूच नकोस. दिवसातून दोन-तीनदा औषधांची ट्रॉली घेऊन तू त्या खाटेजवळ जातेसच. गोळी हातावर ठेवताना एक वाक्य. पहिल्या दिवशी, 'ही शुगरची, जेवणाच्या तोंडावर घ्यायची.' दुसऱ्या दिवशी, 'काका, ही कशाची हो?' तिसऱ्या दिवशी, 'आज जेवायचं नसेल तर?' आणि 'घरी गोळ्या कोण काढून देतं?' हा प्रश्न दाखल झाल्याच दिवशी विचार, म्हणजे ती व्यक्ती भेटीच्या वेळी आली की तिला गाठता येतं.

सगळं शिकवायला जाऊ नकोस. कुठल्या औषधात चूक जिवावर बेतते, ते तुला माहीत आहे: इन्सुलिन आणि शुगर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, मेथोट्रेक्सेट, हृदयाचं डिगॉक्सिन. वेळ तिथे घाल. व्हिटॅमिनच्या गोळीला अर्धं वाक्य पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारं नुकसान टाळण्यासाठी एक मोहीम सुरू केली. तिच्यात औषधाबाबत सावध राहायचे पाच क्षण सांगितलेत: औषध सुरू करताना, घेताना, त्यात दुसरं औषध मिसळताना, सगळ्या औषधांचा पुन्हा आढावा घेताना आणि बंद करताना. आपण वॉर्डात बहुतेक 'घेताना' यावरच बोलतो. पण घोटाळे बाकीच्या ठिकाणीही होतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर मूत्रपिंडाला महागात पडते. खासगी डॉक्टरांनी लिहिलेली एका कंपनीची गोळी आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेली तीच गोळी दुसऱ्या नावाने, दोन्ही इमानेइतबारे घेणारी माणसं मी कितीतरी पाहिली. म्हणून फॉलोअपला 'घरातली औषधांची पिशवी जशी आहे तशी आणा' म्हणून सांग. पिशवी खाटेवर ओतली की जे कळतं, ते केसपेपर वाचून कळत नाही.

त्या पिशवीत कापलेल्या पट्ट्या असतात. मेडिकलवाले चार-पाच गोळ्या कापून देतात, त्यात एक्स्पायरीची तारीख दुसऱ्याच्या वाट्याला जाते. परवडत असेल तर पूर्ण पट्टी घ्यायला सांग. नसेल तर मागच्या बाजूला मार्करने गोळीचं नाव आणि कशासाठी ते लिहून घ्यायला. आणि पूर्ण पट्टी असेल तर गोळ्या नावाच्या विरुद्ध टोकाकडून काढायच्या, नाव-तारखेचं टोक शेवटपर्यंत राहू द्यायचं. कार्डावरचं १-०-१ सगळ्यांना वाचता येतं असं धरून चालू नकोस. निरक्षर आजींसाठी मी सूर्य आणि चांदोबा काढते, आजींना ते लगेच कळतं.

शुगर उतरल्याचं मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगायला हवं, त्या सुनेलाही आणि काकूंनाही. हे वाचणाऱ्या इतरांनीही ध्यानात ठेवावं. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा मोजायला यंत्र नाही पण लक्षणं तशी आहेत, आणि माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची, आणि मग जेवू घालायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरली असेल, तर साखर देऊन बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण औषध अंगात असेपर्यंत शुगर पुन्हा खाली जाऊ शकते. एक गोष्ट खास तुझ्यासाठी. पेशंट बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीची एका प्रकारची गोळी) घेत असेल तर त्याला धडधड आणि थरथर फारशी जाणवणार नाही, घाम मात्र येईल. घरच्यांना घामावर लक्ष ठेवायला सांग.

घरच्यांशी बोलू का, असं विचारलंस. बोल, पण एकटी जाऊ नकोस. आधी इन्चार्ज सिस्टरना सगळं सांग आणि घटना लेखी दे. तुमच्याकडे इन्सिडेंट फॉर्म असेल तर त्यावर, नसेल तर साध्या कागदावर. काय घडलं, काय सांगायचं राहिलं, पुढे काय बदलायला हवं. कुणाचा दोष, हे लिहायची गरज नाही. डॉक्टरांनाही विचार, 'सर, मी काकूंशी बोलणार आहे, तुम्ही असाल तर बरं.' काहींना ही भीती वाटते की बोललो तर तक्रार होईल. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, म्हणून तर इन्चार्जना बरोबर घ्यायचं. पण माझा अनुभव असा की लोक दुखावतात ते टाळाटाळीने. काकूंना एवढंच म्हण, 'काकू, गोळी चुकवायची नाही असं मी म्हणाले होते. उपवासाच्या दिवशी काय करायचं, ते सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता सांगते.' काकूंच्याही मनात असेल की आपणच साखर अडवली. त्यांचंही ओझं त्याने हलकं होईल.

नोंदींचंही तेवढंच. फाइलमध्ये आपण 'पेशंट व नातेवाइकांना माहिती दिली' असं लिहून सही करतो. त्याऐवजी त्यांनी काय परत सांगितलं ते लिही. 'पत्नीने शुगर कमी झाल्याची तीन लक्षणं सांगितली, साखर कधी द्यायची ते सांगितलं.' दोन ओळी जास्त लागतात, पण ती सही खरी असते. आणि औषधाचा कुठलाही दुष्परिणाम दिसला, तर तो कळवायचा अधिकार नर्सलाही आहे. भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक वॉर्डात लावून ठेव.

आयसीयूचं म्हणशील तर ते काम आवडत असेल तर जरूर जा, छान काम आहे. पण पेशंट बोलत नाहीत म्हणून जात असशील, तर तिथूनही माणसं बरी होऊन घरीच जातात, पिशवीभर गोळ्या घेऊन. निर्णय दोन महिने पुढे ढकल. झोपेचं मात्र ढकलू नकोस. आणखी आठवडाभर अशीच राहिली तर डॉक्टरांशी स्वतःसाठी बोल.

काका फॉलोअपला येतील तेव्हा काकूंनाही बरोबर बोलव. येताना भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांग. पुढच्या संकष्टीच्या तारखेला पेनने गोल करा आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून त्या चौकोनातच लिहून द्या. मग काकूंना विचार, 'सांगा बघू, काकू, या दिवशी काय करायचं?'